तीन घमेली माती, एक घमेलं वाळू

डावा गुडघा बदलून मी अकराव्या दिवशी घरी आले, तेव्हा सगळे माझी वाट बघत पुढच्या दारात उभे होते. नवरा, लेक, भावजय आणि सगळ्यांच्या पुढे छाती काढून माझा धाकटा भाऊ. एकसष्ट वर्षांचा, नव्वद किलोचा गवंडी, पण घरात त्याचं नाव अजून बारक्याच. कुणी मला बस म्हटलं नाही की पाणी विचारलं नाही. वॉकर सरकवत सरकवत मला थेट मागच्या दाराशी नेलं आणि लेकीनं माझे डोळे झाकले.

"ताई, आता बघ," बारक्या म्हणाला. लेकीनं हात काढले.

माझा भाजीचा वाफा तिथे नव्हता. त्या जागी बारा फूट बाय पंधरा फुटांचा एक गुळगुळीत चौकोन होता. चारी बाजूंनी विटांची दोन थरांची कड, मधून सिमेंटची पायवाट आणि टोकाला सिमेंटचा बाक. चौकोन इतका सपाट की चेंडू ठेवला असता तर जागचा हलला नसता.

"पाणसळ लावून केलंय. सूतभर फरक सापडणार नाही," बारक्या म्हणाला.

"माती कुठे गेली?" मी विचारलं.

"जाईल कुठे? तीच आहे, फक्त सुधारली. तीन घमेली माती, एक घमेलं वाळू. साइटवरचा मिक्सर आणला होता. नऊ इंच माती काढली, वाळू घालून फिरवली. नीट एकजीव व्हावी म्हणून थोडं पाणी मारलं, परत भरली आणि वरून धुम्मसनं ठोकून बसवली. तीन दिवस लागले, मी आणि दोन मजूर. आता तुला खणायला नको, वाकायला नको. बाकावर बसायचं आणि नुसतं बी टाकायचं."

तळपायाची आग मस्तकात जाते म्हणतात. माझ्या एका पायाला तर अजून टाके होते, तरी गेली.

"मिक्सर?" मी म्हटलं. "माझी माती तू काँक्रीटच्या मिक्सरमध्ये घातलीस?"

"पंचावन्न घाणे निघाले," तो अभिमानानं म्हणाला.

लेक मोबाइल धरून माझा चेहरा टिपत होती. कुटुंबाच्या ग्रुपवर वाफ्याचे फोटो आधीच गेले होते आणि खाली बदामांची रांग लागली होती. आता फक्त माझ्या डोळ्यांत पाणी यायचं बाकी होतं. पाणी आलं. पण त्याबरोबर माझ्या तोंडातून जे आलं, ते ऐकून लेकीनं घाईघाईनं मोबाइल बंद केला.

ही माती आधी अशी का होती, ते सांगायला हवं, कारण त्यातही हाच माणूस आहे. चोवीस वर्षांपूर्वी आमचं हे घर बारक्यानंच बांधलं. पाया खणताना खालून पिवळट राखाडी चिकणमाती निघाली. ती लांब नेऊन टाकायचा कंटाळा, म्हणून त्यानं ती मागच्या मोकळ्या जागेत पसरून दिली. वरची चांगली माती तिच्याखाली दीड हात गाडली गेली. वर मलाच सांगितलं, "जागा उंच करून दिली, आता पाणी साचणार नाही." पाणी तर साचायचंच. पावसात तिथून दहा पावलं चाललं की चपलेखाली दुसरी चप्पल तयार व्हायची आणि उन्हाळ्यात भेगांमध्ये अख्खा हात जायचा. मी तेव्हा हॉस्पिटलच्या धुलाईखात्यात नोकरीला होते. दिवसभर चादरी पिळून घरी आल्यावर भावाशी भांडायचं त्राण नसायचं. मूग गिळून बसले. अठरा वर्षं त्या जागेत मी फक्त कपडे वाळत घातले.

निवृत्त झाले तेव्हा ठरवलं, इथे भाजी होणार. सगळे हसले. बारक्या तर पोट धरून हसला. "ताई, यात भाजी नाही, मडकी होतील."

पहिल्या वर्षी मीही गाढवपणा केला. ओल्या मातीत फावडं घातलं आणि जोर लावून उलथली. वाळल्यावर त्याची अशी ढेकळं झाली की फोडायला हातोडी घ्यावी लागली. तेव्हा कळलं, या मातीशी जबरदस्ती चालत नाही. चपलेला चिकटत असेल तर तिच्याजवळ जायचंच नाही. मग मी खणणं सोडलं. रस्ता झाडणाऱ्या बाईकडून वाळक्या पानांची पोती घ्यायला लागले. कोपऱ्यावरच्या चहावाल्याकडून रोज बादलीभर चोथा, घरातली सालं, गोठ्यातलं वर्षभर कुजवलेलं शेण. सगळं वरून पसरायचं आणि झाकून ठेवायचं. आत न्यायचं काम गांडुळांचं. मुळा पेरायचा आणि काढायचाच नाही, जमिनीतच कुजू द्यायचा, म्हणजे त्याच्या जागी खालपर्यंत वाट राहते. वाफ्यावर पाय कधीच ठेवायचा नाही. मी दोन फळ्या आडव्या टाकल्या होत्या, काय करायचं ते त्यांच्यावर बसून करायची. नातवंडांचा चेंडू वाफ्यात गेला तर तो मीच काढून द्यायची आणि पोरं मला खडूस म्हणायची.

मातीची परीक्षा अगदी सोपी असते. मूठभर ओली माती घ्यायची, तळहातावर करंगळीएवढी वळी करायची आणि ती वाकवून कडं करायचं. न तडकता कडं झालं तर माती चिकण. पहिल्या वर्षी माझ्या मातीचं कडं लेकीच्या हातात बांगडी म्हणून घालता आलं असतं. तिसऱ्या वर्षी ते वाकवताना तुटायला लागलं. सहाव्या वर्षी वळीच होईना, बोटांत नुसता काळा भुगा. मला इतका आनंद झाला की मी नवऱ्याच्या दुकानात फोन केला. तो घड्याळं दुरुस्त करतो. तो म्हणाला, "बरं."

पहिली गाजरं दोन पायांची, तीन पायांची निघाली होती, एक तर चक्क मांडी घालून बसलेलं होतं. या वर्षीची वीतभर लांब आणि सरळ. माझी गाजरं बघून गुडघ्याचा डॉक्टरही म्हणाला, "ही घरची?" त्यासाठीच मी ऑपरेशनला तयार झाले होते. वाकता यावं म्हणून.

आणि हा माणूस ती सहा वर्षं मिक्सरमध्ये घालून पंचावन्न घाण्यांत फिरवून बसला.

त्या संध्याकाळी मी ओरडले. घसा बसेपर्यंत ओरडले. बारक्याचा चेहरा तोंडात मारल्यासारखा झाला. भावजयीनं त्याचा हात धरला आणि ती दोघं निघून गेली. मग घरात कुजबुज सुरू झाली. लेक म्हणाली, हा गोळ्यांचा परिणाम आहे.

"गोळ्या गुडघ्याच्या आहेत, डोक्याच्या नाहीत," मी आतून ओरडून सांगितलं.

नवरा पलंगाशी येऊन बसला. "अगं, त्यानं प्रेमानं केलं. काम सोडून तीन दिवस राबला. असं कोण करतं आजकाल?"

"अहो, तुमच्या दुकानातली सगळी घड्याळं मी उद्या उघडून साबणाच्या पाण्यात धुते. घासून, पिळून, दोरीवर वाळत घालते. प्रेमानं. चालेल?"

तो गप्प बसला. चालणार नव्हतं हे त्याला कळत होतं. पण मेहुण्याशी वाईटपणा घ्यायचा नाही, म्हणून तोंड उघडत नव्हता. चाळीस वर्षं मी त्याच्या या गप्प बसण्याला समंजसपणा म्हणत आले. त्या दिवशी वाटलं, हा नुसता आळस आहे.

पहिले पंधरा दिवस मी खिडकीतूनच बघितलं. पाऊस झाला आणि चौकोनावर पाणी साचलं, छान, सपाट, पाणसळ लावल्यासारखं. दोन दिवस ते तसंच राहिलं. मग ऊन पडलं. चौथ्या दिवशी वर पांढरट पापुद्रा आला आणि दहाव्या दिवशी त्याच्यावर मांजर चाललं तर नखांचा आवाज ऐकू आला. चिकणमातीत थोडी वाळू घातली की ती मोकळी होते, असं सगळ्यांना वाटतं. होत नाही. वाळूच्या कणांमधल्या सगळ्या फटी चिकणमाती भरून काढते आणि दोघी मिळून दगड होतात. त्यात वरून पाणी आणि धुम्मस. गवंड्याला हे कुणी सांगायला हवं? हा माणूस चाळीस वर्षं हेच तर करत आला आहे.

नवऱ्यानं मला न विचारता गाजराचं बी टाकलं, बहुतेक समेट व्हावा म्हणून. एकही उगवलं नाही. जेवताना मी त्याच्याकडे बघत राहिले.

बारक्या दर रविवारी यायचा. आला की वाफ्यात उभा राहायचा, बुटाच्या टाचेनं माती दाबून बघायचा आणि म्हणायचा, "जरा दम धर, ताई. बसेल हळूहळू." बसेल! बसलेलीच होती. मी त्याच्याशी बोलत नव्हते. मग भावजयीचे फोन सुरू झाले.

"ताई, ह्यांना जेवण जात नाही हो. दोन शब्द गोड बोला ना. मोठ्या आहात तुम्ही."

मोठी आहे म्हणून काय? लहानपणी त्यानं माझी पाटी फोडली, तेव्हाही मी मोठी होते. माझ्या लग्नात माझ्यासाठी साडी त्यानंच पसंत केली, ती मला आवडत नाही हे सांगायचं राहूनच गेलं, कारण मी मोठी होते. स्वयंपाकघराचा ओटा त्यानं स्वतःच्या बायकोच्या उंचीचा बांधला. माझी उंची तिच्यापेक्षा वीतभर जास्त. चोवीस वर्षं त्या ओट्यावर कंबर वाकवून मी पोळ्या लाटते आहे. दर वेळी सगळे म्हणतात, किती हौसेनं केलं पोरानं. ज्यानं नुकसान केलं त्याला जेवण जात नाही आणि जिचं झालं तिनं त्याला घास भरवायचा. हा कुठला न्याय? मला राग आला होता आणि तो मला हवा होता. सहा वर्षांच्या मातीतलं माझ्याजवळ तेवढंच उरलं होतं.

व्यायाम शिकवायला येणारी मुलगी म्हणाली, रोज मागच्या दारापर्यंत काठीनं चाला आणि दहा मिनिटं बसा. बसायला फक्त तो बाक. मी दोन आठवडे हट्टानं उभी राहिले. मग गुडघा ठणकायला लागला आणि बसले. बाक उत्तम होता. उंची अचूक, पाठ टेकायला नेमका कल. पाय न वाकवता बसता-उठता येत होतं. त्यानं आधी डॉक्टरला फोन करून माप विचारलं होतं, हे मला नंतर कळलं. बघा म्हणजे, डॉक्टरला विचारलं. माझ्याच घरात, माझ्याच वाफ्याबद्दल, मला विचारायचं मात्र सुचलं नाही. त्या बाकावर आरामात बसून मी आणखी चिडले.

बसल्या बसल्या काठीच्या टोकानं मी कडेचा एक तुकडा उकरायला घेतला. तीन दिवस उकरत होते. निघाला तो चांगला वीतभर लांब, चार बोटं जाड. दुसऱ्या दिवशी तसाच आणखी एक काढला. दोन्ही बाकावर उन्हात ठेवले. येता-जाता मी ते उलटेपालटे करायची. नवऱ्यानं विचारलं, "हे काय?" मी म्हटलं, "घड्याळ आहे. वेळ झाली की कळेल."

तीन आठवड्यांनी, रविवारी, बारक्या आला. मी बाकावरच बसले होते. तो सवयीनं पायवाट सोडून वाफ्यातून चालत आला.

"बोलशील का आज तरी?" त्यानं विचारलं.

मी दोन्ही तुकडे त्याच्या हातात दिले.

गवंड्याच्या हातात असं काही दिलं की त्याचे हात त्याला विचारत नाहीत. त्यानं एक तुकडा तळहातावर तोलला. अंगठ्यानं कड दाबली. मग दोन्ही एकमेकांवर आपटले आणि कान देऊन आवाज ऐकला. एक कमरेइतक्या उंचीवरून पायवाटेवर सोडला. तो उसळला, तुटला नाही. बारक्यानं तो उचलला, फुंकर मारून धूळ उडवली आणि म्हणाला, "कच्ची वीट चांगली आहे. भाजली तर अव्वल निघेल. कुठल्या भट्टीची?"

मी काठीनं त्याच्या पायाखाली दाखवलं.

त्यानं खाली बघितलं. मग कडेचा खड्डा बघितला, जिथून ते तुकडे निघाले होते. वीट त्याच्या हातातच राहिली. त्याचा चेहरा बघवत नव्हता, पण मी बघितला. बघायचाच होता मला.

"अरे देवा," तो हळूच म्हणाला. मग वीट हातात फिरवत, "ताई, तू ऑपरेशनला गेलीस तेव्हा मला घरी बसवेना. भीती वाटत होती. काहीतरी हातांना हवं होतं. मला हे एवढंच येतं."

मला वाईट वाटलं. खरंच वाटलं. तरी राग होता तिथेच होता. दोन्ही एका वेळी मावतात माणसात, हे मला त्या दिवशी कळलं.

"मी दोन दिवसांत नीट करतो," तो एकदम म्हणाला. आवाजात पुन्हा तो जुना जोर आला. "उद्याच मशीन आणतो. फूटभर उचलून टाकतो सगळं. चांगली काळी माती आणतो दोन ट्रक. तू बघच, तुला कळणारसुद्धा नाही..."

"बारक्या!"

मी इतक्या मोठ्यानं ओरडले की शेजारची बाई खिडकीत आली. येऊ दे म्हटलं.

"परत तेच! परत तुझं मशीन, तुझे ट्रक, तुझे दोन दिवस! पायाची माती पसरलीस, मी गप्प बसले. ओटा बांधलास, गप्प बसले. ती माझी चूक. तेव्हाच बोलले असते तर आज माझी माती वाचली असती. आता ऐक. मी चौसष्ट वर्षांची आहे. या गुडघ्याची डॉक्टर पंधरा वर्षांची खात्री देतो. त्यातली सहा तू घेतलीस. ट्रकमधून आणून देणार आहेस का ती? दुसऱ्याच्या शेतातली माती खरवडून आणशील, तिलाही पाणी मारून ठोकशील, आणि मी पुन्हा म्हणायचं, किती हौसेनं केलं पोरानं?"

तो उभा होता. नव्वद किलोचा माणूस, हातात वीट धरून.

"आणि आधी वाफ्यातून पाय काढ."

त्यानं खाली बघितलं. एक पाय उचलला, पायवाटेवर ठेवला, मग दुसरा. वीट बाकावर ठेवली आणि निघून गेला. नवरा दारातून सगळं बघत होता. मला वाटलं, आता म्हणेल, जास्त बोललीस. तो म्हणाला, "ओटा किती उंच करायचा ते सांग. मी दुसऱ्या गवंड्याला बोलावतो." चाळीस वर्षांत पहिल्यांदा मला त्याचा पापा घ्यावासा वाटला, पण उठायला वेळ लागतो, म्हणून राहिलं.

आठवडाभर फोन नाही, काही नाही. भावजयीचाही नाही. मी मात्र पहाटे पहाटे उठून चौकोनाकडे बघत बसायची आणि आकडेमोड करायची. मूळ मातीला सहा वर्षं लागली होती. हिला जास्त लागतील. पुन्हा गाजरं सरळ यायला मी सत्तरी ओलांडलेली असेन. त्या विचारानं पुन्हा राग यायचा.

रविवारी मागच्या फाटकाचा आवाज झाला. बारक्या आत आला, दोन्ही खांद्यांवर पोती. रस्ता झाडणाऱ्या बाईकडची, मी पाहताक्षणी ओळखली. पानं भिजलेली होती, पोत्यांतून पाणी त्याच्या शर्टावर गळत होतं. तो पायवाटेनंही आला नाही. भिंतीच्या कडेकडेनं आला आणि विटांच्या कडेबाहेर थांबला. बुटांची टोकं विटांना लागणार नाहीत इतकं अंतर ठेवून.

"ताई," तो म्हणाला, "कुठे टाकू?"

एकसष्ट वर्षांत काही करण्याआधी त्यानं मला विचारलेली ही पहिली गोष्ट. मी बाकावर बसले होते, काठी मांडीवर आडवी. पोती जड होती, त्याचे खांदे खाली आले होते, हे मला दिसत होतं. तरी त्याला तसंच थोडा वेळ उभं राहू दिलं. तो उभा राहिला. मग मी काठी उचलली आणि जागा दाखवली.